नदीनं रोज किती घाण सोसायची, हा आकडा कुणी ठरवलाय का? (पंचगंगा)

वैदेही_शिरोळ

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, तेरवाड बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी अडलं की ते काळं पडतं, जलपर्णी दाटते आणि एखाद्या वर्षी मेलेल्या माशांचा खच लागतो. मग पंचनामा होतो, पाण्याचे नमुने नेतात, नोटिसा निघतात, आंदोलन होतं. जूनमध्ये नदी भरून वाहायला लागली की सगळे गप्प, ते थेट पुढच्या मार्चपर्यंत.

माझा प्रश्न साधा आहे. वरच्या प्रत्येकाला मानकं लागू आहेत: महापालिकेला, कापड प्रोसेसिंगवाल्यांना, साखर कारखान्यांना. समजा उद्या सगळ्यांनी आपापली मानकं तंतोतंत पाळली, तर पंचगंगा स्वच्छ होईल का? की प्रत्येक जण कायद्यात आणि नदी तरीही काळीच? अमेरिकेत आधी नदी किंवा तळं एकूण किती सोसेल ते ठरवतात आणि मग ते सगळ्यांत वाटून देतात, असं ऐकलंय. आपल्याकडे असा आकडा कुणी काढलाय का? जाणकारांनी कृपया लिहावं. राजकारणावर घसरू नका, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

वाडीचा_बासुंदीवाला

चांगला धागा. नृसिंहवाडीला संगमावर उभं राहिलं की पंचगंगा कुठली आणि कृष्णा कुठली ते उन्हाळ्यात रंगावरून सांगता येतं. लहानपणी दोन्हींत पोहलोय. वाचतोय.

निवृत्त_अभियंता

वैदेहीताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. माझी नोकरी सांडपाणी केंद्रांवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली मानकं लिटरमागे आहेत. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. २०१७ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला महानगरांसाठी लिटरला २० आणि बाकी ठिकाणी ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती १० वर आणायला सांगितलं. पण असे किती लिटर सोडायचे? त्यातून नदीवर एकूण किती किलो ओझं पडणार? लिटरमागच्या मानकात याचं उत्तर नाही.

आता हिशेब बघा. लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर १ एमएलडी, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर पाण्यातून १ किलो जातं. उदाहरणापुरतं धरू की मे महिन्यात नदीला सेकंदाला ५ घनमीटर पाणी आहे. म्हणजे ४३२ एमएलडी. कोल्हापूरचं कसबा बावड्याचं सांडपाणी केंद्र ७६ एमएलडीचं. ते पूर्ण भरून चाललं तर दोन्ही मिळून ५०८ एमएलडी. आंघोळीच्या पाण्याला बीओडी ३ च्या आत हवा, म्हणजे एवढ्या पाण्यात दिवसाला १५२४ किलो चालतील. वरून येणारं पाणी लिटरला १ मिलिग्रॅम घेऊनच येत असेल तर ४३२ किलो तिथेच गेले. उरले १०९२.

केंद्रानं १० चं मानक पाळलं तर ७६० किलो सोडेल. बाकी सगळ्या जगासाठी, म्हणजे कोल्हापूरचंच दुधाळीचं केंद्र, इचलकरंजी, कारखाने, काठची गावं, सगळ्यांना मिळून ३३२ किलो. केंद्रानं ३० चं मानक पाळलं तर २२८० किलो, म्हणजे एकट्यानं दुपटीहून जास्त, आणि तेही कायदा पाळून!

नदीचं पाणी निम्म्यावर आलं तर? २१६ आणि ७६, एकूण २९२ एमएलडी. चालतील ८७६ किलो, वरून आलेले २१६ वजा करा, उरले ६६०. आता १० चं मानकसुद्धा पुरत नाही.

हे ढोबळ आहे. वाहती नदी काही घाण स्वतः पचवते, हवेतून ऑक्सिजन घेते, त्याचं वेगळं प्रारूप मांडावं लागतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं: होय, सगळे कायद्यात असूनही नदी काळी राहू शकते.

ऊसवाला_शिरोळ

काका, एकदम पटलं. गाडीत किती ऊस भरायचा ते बैल बघून ठरवायचं असतंय. हितं जो तो म्हणतोय माझी एकच मोळी हाय, आणि बैल बसलाय खाली.

सूत_आणि_रंग

इचलकरंजीत माझं छोटं प्रोसेसिंग युनिट आहे. इथलं सांडपाणी नदीत नेणाऱ्या काळ्या ओढ्याचं नाव निघालं की सगळी बोटं आमच्याकडे वळतात, म्हणून आमची बाजू मांडतो.

आमच्या पाण्यात रंग असतो, तो डोळ्याला दिसतो. घराघरातून येणाऱ्या मैल्याचा रंग तसा दिसत नाही. काविळीचे जंतू मात्र मैल्यातूनच येतात. २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ आम्हीही भोगली आहे, आमचीही मुलं इथलंच पाणी पितात.

दुसरं, नुसता बीओडी धरून चालणार नाही. रंगाईत मीठ लागतं. आम्हा सगळ्या युनिटांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात जिवाणूंनी बीओडी खाली येतो, पण पाण्यातले क्षार तसेच पुढे जातात. ते काढायचे तर आरओ आणि बाष्पीभवन लागतं, त्याची वीज छोट्याला झेपत नाही. म्हणून माझं म्हणणं: एकूण आकडा काढाच, बीओडीचाही आणि क्षारांचाही. माझा वाटा किती ते मला किलोत कळू दे. आज मला एवढंच सांगतात की "तुमच्यामुळे नदी खराब झाली". किती खराब, ते कुणीच सांगत नाही. वाटणी झाली तर कोल्हापूरच्या नाल्यांपुढेही आकडा येईल आणि कुणालाच दुसऱ्याआड लपता येणार नाही.

मुठेकाठचा

मला हे सगळं अजून दूरचं वाटतं. पुण्यातलं सांगतो. जपानच्या कर्जातून मुळा-मुठा स्वच्छ करायचा करार २०१६ मध्ये झाला, ९९० कोटींचा. ११ केंद्रं, ३९६ एमएलडी. त्यानंतर निविदा, फेरनिविदा आणि किती वर्षं गेली ते पुणेकरांना विचारा. जिथे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही, तिथे किलोकिलोची वाटणी करून काय मिळणार? आधी नाले अडवा, असलेली केंद्रं चोवीस तास चालवा. आकडेमोड नंतर.

निवृत्त_अभियंता

मुठेकाठचा, नाले आधी अडवायला हवेत हे शंभर टक्के खरं. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचा बीओडी २०० धरला तर १० एमएलडीचा एक नाला दिवसाला २००० किलो ओततो. १० च्या मानकानं शुद्ध केलेलं २०० एमएलडी पाणी तेवढंच ओझं टाकतं. हे कशावरून कळलं? किलोत मोजलं म्हणूनच. कोणता नाला आधी अडवायचा, कोणत्या केंद्रावर पैसा आधी लावायचा, हे एमएलडी बघून ठरवलं की चुकतं. आकडेमोड कामाच्या आधीच व्हायला हवी.

चेसापीककाठी

मूळची गडहिंग्लजची, बरीच वर्षं मेरिलंडमध्ये आहे. वैदेहीताईंनी ज्याबद्दल ऐकलंय ते इथे रोजच्या चर्चेत असतं, म्हणून लिहिते.

चेसापीक उपसागरात सहा राज्यांचं आणि वॉशिंग्टन शहराचं पाणी येतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस जास्त झाला की शेवाळ माजतं, ते मरून कुजतं आणि उन्हाळ्यात खोल पाण्यातला ऑक्सिजन संपतो. इथे कालवं आणि निळे खेकडे यांच्यावर कोळ्यांच्या पिढ्या जगल्या, त्यांचंच मरण.

१९७२ च्या इथल्या कायद्यातच तरतूद आहे: प्रत्येकानं आपापली मानकं पाळूनही जे पाणी सुधारत नाही, त्याची राज्यानं यादी करायची आणि त्यातल्या प्रत्येक पाण्याला रोजचा कमाल एकूण भार ठरवायचा. तो तिघांत वाटतात: नळातून, पाइपातून सोडणाऱ्यांचा वाटा, शेतं-रस्ते यांवरून वाहून येणाऱ्याचा वाटा, आणि अंदाज चुकला तर म्हणून राखून ठेवलेला थोडा भाग. राज्यांनी वर्षानुवर्षं या कलमाला हातच लावला नव्हता. नागरिकांच्या संघटना कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कामं सुरू झाली.

चेसापीकचा आकडा डिसेंबर २०१० मध्ये ठरला. वर्षाला नायट्रोजन १८.५९ कोटी पौंड, फॉस्फरस १.२५ कोटी पौंड, गाळ ६४५ कोटी पौंड. म्हणजे तेव्हाच्यापेक्षा नायट्रोजन २५ टक्के, फॉस्फरस २४ टक्के, गाळ २० टक्के कमी. उपसागराचे ९२ तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा. शेतकऱ्यांची मोठी संघटना आणि बांधकामवाले कोर्टात गेले. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं आकडा कायम ठेवला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

पैसा कुठून आला? मेरिलंडनं २००४ मध्येच घरटी कर लावला होता, लोक त्याला 'फ्लश टॅक्स' म्हणतात. आधी वर्षाला ३० डॉलर, २०१२ मध्ये बहुतेकांना ६०. तो पैसा राज्यातली ६७ मोठी सांडपाणी केंद्रं सुधारण्यासाठी राखून ठेवला. लक्ष्य लिटरला नायट्रोजन ३ आणि फॉस्फरस ०.३ मिलिग्रॅम.

निकाल अर्धा आहे, तोही सांगते. सांडपाणी केंद्रांनी आपला वाटा मुदतीच्या कितीतरी आधी पूर्ण केला. २०२५ ची एकूण मुदत मात्र चुकली. अडलं ते मुख्यतः शेतीवर, त्यातही पेनसिल्व्हेनियात. पाइपाला परवाना असतो, तो रद्द करता येतो. शेतातून वाहून येणाऱ्या खताला परवाना नसतो. या पद्धतीची ही सगळ्यात कच्ची बाजू.

आणि एक आठवण सांगायलाच हवी. बर्नी फाउलर नावाचे राज्याच्या सिनेटमधले सदस्य १९८८ पासून दर जूनमध्ये पांढरे बूट घालून पटक्सेंट नदीत उतरायचे. बूट दिसेनासे होईपर्यंत चालायचे आणि पाणी पायावर कुठवर आलं ते मोजायचे. तरुणपणी त्यांना छातीभर पाण्यात स्वतःचे पाय दिसत. ते २०२१ मध्ये गेले, पण लोकांनी ती पद्धत चालू ठेवली आहे.

वाडीचा_बासुंदीवाला

बुटांची गोष्ट फार आवडली. आमच्याकडे संगमाच्या घाटाच्या पायऱ्या आहेत, कितवी पायरी पाण्याखाली दिसते ते कुणीही मोजू शकेल. जो मोजायला येईल त्याला बासुंदी माझ्याकडून.

ऊसवाला_शिरोळ

बासुंदी खायला मी पैला.

आता मुद्द्याचं. चेसापीकताई, तुम्ही शेतीचं बोलला ते खरं हाय, पण आमचीबी बाजू ऐका. आमच्या तालुक्यात पाटानं पाणी आणि पोत्यानं युरिया देऊन देऊन हजारो एकर जमीन क्षारपड झालीया. ती सुधारायला जमिनीखालनं निचऱ्याच्या पाइपा घालाव्या लागत्यात. त्यो निचरा वढ्यात जातोय, वढा नदीत. म्हंजे जमीन वाचवली तर क्षार नदीत. त्यो वाटा कुणाच्या नावावर लिवायचा? माझ्या नावावर लिवा, माझी ना न्हाई. पण ठिबकला अनुदान येळेवर द्या. खत कमी घालून ऊस तेवढाच येतोय हे मी माझ्या रानात बघितलंय.

रंकाळाप्रेमी

थोडं विषयांतर, पण 'तळं' शब्द आलाच आहे म्हणून. रंकाळ्यात नाल्यांचं सांडपाणी येत राहिलं आणि पाणी हिरवंगार होऊन वास सुटला, ते दिवस कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. नाले वळवा, अडवा म्हणून किती मोर्चे निघाले! नदीचं पाणी निदान पुढे जातं, तळ्यातलं तिथेच राहतं. तळ्याला मर्यादा ठरवताना नदीसारखाच हिशेब चालतो का?

निवृत्त_अभियंता

नाही. तळ्यात बहुधा फॉस्फरस निर्णायक असतो आणि तो तळाच्या गाळात साठतो. बाहेरून येणारा पूर्ण थांबवला तरी गाळातला फॉस्फरस उन्हाळ्यात, तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून तळ्याचा हिशेब दिवसापेक्षा वर्षाचा करतात आणि गाळाचा वाटा वेगळा धरतात. ज्या तळ्याचा गाळ जुना आणि जाड, तिथे नाला बंद केल्यावर लगेच पाणी नितळ होईल अशी आशा धरू नये.

चेसापीककाठी

काकांच्या म्हणण्याला एक आशादायक जोड. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्यानं वळवलं आणि काही वर्षांतच पाणी नितळ झालं. ते तळं खोल, त्यातलं पाणी बदलतं राहणारं आणि सांडपाण्याचा मारा फार जुना नव्हता. रंकाळा उथळ आहे, त्याला जास्त वेळ लागेल. पण तळी बरी होतात, हे खरं आहे.

ॲड_मुक्ता

उशिरा आले, पण मूळ प्रश्नाचा कायद्याचा भाग अजून कुणी लिहिलेला नाही.

आपला जल प्रदूषण कायदा १९७४ चा. त्याच्या कलम १७ मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची कामं दिली आहेत. त्यातलं एक पोटकलम असं: एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानकं ठरवताना, त्या प्रवाहाला कोरड्या दिवसांत कमीत कमी किती पाणी असतं, आणि सांडपाणी मिसळल्यावर त्या प्रवाहाला किती प्रदूषण सोसेल, याचा विचार करायचा. म्हणजे वैदेहीताई, तुम्ही मागताय तो आकडा परदेशातून आणायची गरज नाही. नदीगणिक मर्यादा ठरवायचा अधिकार इथल्या कायद्यात पन्नास वर्षांपासून आहे. वापर झाला तो देशभर एकाच मापाच्या मानकांचा, कारण ते सोपं.

२०१८ मध्ये केंद्रीय मंडळानं देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यावर हरित लवादानं प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती आणि कृती आराखडे करायला लावले. मी वाचलेल्या आराखड्यांत किती एमएलडी सांडपाणी, किती क्षमतेची केंद्रं, किती तूट, हे सगळं असतं. ध्येयही असतं, बीओडी ३ च्या खाली. मधला दुवा नसतो: ३ गाठायला कुणी किती किलो कमी करायचे.

माझं स्पष्ट मत आहे की तो दुवा नसल्यामुळेच आपले खटले "दोषी कोण" यावर वर्षानुवर्षं फिरतात. प्रत्येकाकडे आपला प्रयोगशाळेचा अहवाल असतो आणि प्रत्येक अहवाल मर्यादेत असतो.

मुठेकाठचा

मुक्ताताई, हे पोटकलम माहीत नव्हतं. मग माझा विरोध पद्धतीला नाही. भीती एकच: आकडा ठरवायला समिती, समितीला मुदतवाढ, आणि तोवर नाले तसेच. दोन्ही एकदम चालू राहणार असेल तर मीही तुमच्या बाजूनं.

ऊसवाला_शिरोळ

आनि पाण्याचं काय? काकांनी दाखवलं की पाणी निम्मं झालं की हिशेब मोडतोय. उन्हाळ्यात राधानगरीतनं सोडलं तर नदीला पाणी. बंधाऱ्याला बरगे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की साठतंय, आनि साठलेलं कुजतंय. वाटणी फकस्त घाणीची करून भागणार न्हाई, पाण्याचीबी करा.

वैदेही_शिरोळ

ऊसवाला दादा, अगदी मनातलं. यात आणखी एक गुंता आहे. २०२३ पासून कोल्हापूर शहराला थेट पाइपलाइननं काळम्मावाडीचं पाणी येतं. ते दूधगंगेचं पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी म्हणून पंचगंगेत येतं. इचलकरंजीही कधी वारणेचं, कधी दूधगंगेचं पाणी मागते, कारण दारातली पंचगंगा पिण्याजोगी उरली नाही. त्याला त्या काठची गावं विरोध करतात, आणि मला त्यांची चिंता समजते. शहरं एकेक करून दुसऱ्या नद्यांकडे वळली, तर आम्ही खालच्या गावांनी कुठे वळायचं? आमच्या जनावरांना हेच पाणी आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगा. आमच्या गावात सात-आठ जण तरी वेळ देतील.

ॲड_मुक्ता

माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा, वेगवेगळ्या अर्जांत. एक, तेरवाड बंधाऱ्याच्या वरच्या भागात पंचगंगेत किंवा तिच्या ओढ्यांत सांडपाणी सोडायची संमती असलेल्या सगळ्यांची यादी, प्रत्येकाला रोज किती पाणी आणि कोणत्या मर्यादेनं सोडायची परवानगी आहे त्यासह. दोन, पाटबंधारे खात्याकडून मार्च ते मे महिन्यांतल्या प्रवाहाच्या नोंदी. तीन, मंडळाच्या तपासणी केंद्रांचे त्याच महिन्यांतले बीओडीचे आकडे. हातात आलं की कलम १७ दाखवून मंडळाला लेखी निवेदन द्या: या नदीसाठी स्वतंत्र मानकं ठरवा. उत्तर आलं नाही तर पुढचं मी बघते, फी घेणार नाही.

निवृत्त_अभियंता

यादी आली की मला पाठवा. किलोचा तक्ता मी करून देतो. प्रवाह तीन वेगवेगळे धरून करू, म्हणजे कुणी "पाणीच कमी होतं" म्हणायला नको. क्षारांचा रकाना वेगळा ठेवतो, सूत_आणि_रंग यांचा मुद्दा बरोबर आहे.

सूत_आणि_रंग

यादीची वाट कशाला बघायची? माझ्या संमतीपत्राची प्रत उद्या पाठवतो, त्यात रोजचं पाणी आणि मर्यादा दोन्ही छापलेलं असतं. ओळखीच्या आणखी काही युनिटवाल्यांना विचारतो. काही जण नाही म्हणतील, पण सगळे नाही म्हणणार नाहीत.

ऊसवाला_शिरोळ

बरगे कधी घातले नि कधी काढले त्या तारखा मी काढतो. बंधाऱ्यावरचा माणूस गावातलाच हाय, वहीत लिवून ठेवतोय.